बेचाळीस पावलं

दारापासून तापमापकाच्या पेटीपर्यंत
बेचाळीस पावलं होती, मी इथे आले तेव्हा.
बेचाळीस पावलांचा दोर, दोन्ही टोकांना गाठ.
कारण जानेवारीत वारा उठला की
हात दिसत नाही, हातातला कंदीलही दिसत नाही,
आणि दोर सुटलेला माणूस
मे महिन्यात सापडतो.

नकाशात हे भूशिर नखाएवढं.
दोन अंगांना दोन समुद्र, आणि त्यांचं आपसात पटत नाही.
पश्चिमेचा आधी गोठतो, जाड, घुमा.
पूर्वेचा प्रवाहाच्या जिवावर
काळा, उघडा, वाफाळत राहतो नव्या वर्षापर्यंत.
मध्ये आम्ही:
सात घरं, एक डिझेलचं इंजिन, चौदा कुत्री.

झाड नाही. विलो आहे, घोट्याएवढी,
जमिनीला पोट लावून वाढणारी.
शंभरी गाठली तरी ओलांडून जाता येते तिला.
उन्हाळा म्हणजे धुकं.
सूर्य मावळत नाही हे खरं, पण दिसतो महिन्यातून चार दिवस,
ओल्या घोंगडीमागे कुणी दिवा विसरल्यासारखा.
पाऊस थोडा, चिखल फार;
खालची जमीन पाणी पीत नाही,
ती हजारो वर्षांपूर्वीच गोठून बसली आहे.
होती.

दर तीन तासांनी मी निघते.
दोर कडक झालेला असतो, लोखंडासारखा.
सुंभ गोठतो, पीळ मात्र हाताला लागतोच,
त्याच्याच भरवशावर जायचं.
पारा, वारा, ढग, समुद्र.
मग रेडिओवर आकडे, एका अनोळखी माणसाला,
जो मला कधी नाव विचारत नाही.

रिंतीन, माझा सासरा,
काठीनं बर्फ ठोकायचा आणि कान द्यायचा,
बाजारात मडकं घेताना देतात तसा.
"आज किती?" म्हणायचा.
"उणे सव्वीस."
"नाकातले केस चिकटले नाहीत. कापा, तुझा पारा खोटं बोलतो."
सकाळी पाहिलं तर नळीत पाऱ्याला खंड पडलेला.
मी दुरुस्ती लिहिली, खाली सही केली.
तो तीन दिवस हसत होता.

मग कडा ढासळू लागला.
सप्टेंबरच्या लाटांना अडवायला
पूर्वी बर्फाची पट्टी असायची किनाऱ्याला.
आता लाट सरळ येते, पायथा चाटते,
आणि रात्री वरून घरंगळत जाते
भिंतभर काळी माती, तिच्यात जुनं गवत,
एकदा एक मॅमथचा दात,
जो कुत्र्यांनी हुंगला आणि सोडून दिला.
पेटी मागे घेतली. पस्तीस पावलं.
पुन्हा घेतली. सत्तावीस.

या हिवाळ्यात रिंतीन अंथरुणावरून उठला नाही.
ऑक्टोबर गेला. नोव्हेंबरही गेला, सूर्याला घेऊन.
रोज एकच प्रश्न: "टेकला का बर्फ?"
"नाही."
"टेकला का?"
"नाही, आबा."
एकोणतीस वर्षांत मी एकही नोंद खोटी केलेली नाही.
पाच डिसेंबरला म्हटलं, "टेकला."
त्यानं डोळे मिटले, कान दिला, बराच वेळ.
"मग हा आवाज कसला?"
बाहेर लाटा होत्या.
मी म्हटलं, "वारा."
"हं," म्हणाला. "नीट लिही."

सतराला त्याला टेकडीवर नेलं,
भोवती दगड मांडले, दोन्ही समुद्र दिसतील असे.
बावीसला मध्यरात्री आवाज थांबला.
मी कोट चढवला, दोर धरला,
सत्तावीस पावलं गेले, कंदील वर केला.
दिसलं काहीच नाही. ऐकू येईना तेही काहीच.
नोंदवहीत लिहिलं:
किनाऱ्याला बर्फ टेकला.
पाच तारखेच्या रकान्यात
पूर्वीसारखंच आहे: उघडं पाणी. तिथे मी नीटच लिहिलं होतं.

उरलेला दोर दाराशी खिळ्यावर गुंडाळून ठेवला आहे.
पंधरा पावलांचा.
मुलगा म्हणतो, काप, होडीला होईल.
मी अजून कापलेला नाही.